दीर्घ युद्ध आणि राष्ट्राचें बळ

युद्ध सुरू करणें राज्यकर्त्याच्या हातीं असतें. तें केव्हां संपेल हें मात्र त्याच्या हातीं राहत नाहीं. ता. २४ फेब्रुवारी २०२२ रोजीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली, तेव्हां हा कज्जा कांहीं दिवसांत, फार तर कांहीं आठवड्यांत मिटेल, अशी पुष्कळ जाणत्या लोकांची समजूत होती. प्रत्यक्षांत त्या युद्धानें वर्षांमागून वर्षें गिळलीं. वाईसारख्या कृष्णाकांठच्या लहान गांवासही त्याची झळ लागल्यावांचून राहिली नाहीं. सूर्यफुलाचें तेल बव्हंशीं युक्रेनकडून येत असल्यामुळें त्या वर्षीं स्वयंपाकघरांतील तेलाच्या डब्याचा खर्च एकाएकीं वाढला. आणि त्या देशांत वैद्यकी शिकावयास गेलेलीं हजारों भारतीय मुलें, त्यांत महाराष्ट्रांतीलही पुष्कळ, सरकारनें ‘ऑपरेशन गंगा’ या नांवानें विमानांतून परत आणिलीं.

अशा वेळीं शाळेंतील मुलें एक प्रश्न हटकून विचारतात. रशिया हा पृथ्वीवरील सर्वांत विस्तीर्ण देश. तेथें खनिज तेल आहे, गहूं आहे, लोखंड आहे, चौदा कोटींहून अधिक माणसें आहेत. मग असा देश युद्धानें थकेल तरी कसा? प्रश्न पोरकट नाहीं. मोठमोठे मुत्सद्दी त्याच्या उत्तरासाठीं आंकडे जुळवीत बसले आहेत. परंतु या प्रश्नाचें एक उत्तर आपल्या गांवाभोंवतींच्या डोंगरांवर तीनशें वर्षांपूर्वीं लिहिलें गेलें आहे. पांडवगड, वैराटगड, केंजळगड, चंदन-वंदन हे किल्ले आपण सहलीच्या निमित्तानें पाहतों, दोन घटका तटावर बसतों आणि खालीं उतरतों. त्या काळच्या जगांतील अत्यंत धनाढ्य राज्यांपैकीं एक राज्य अशाच किल्ल्यांवर डोकें आपटून झिजलें, ही गोष्ट मात्र आपल्या मनांत क्वचित् येते. ती हकीकत नीट उलगडून पाहिली म्हणजे रशियाविषयींचा प्रश्न समजण्यास पुष्कळ मदत होईल.

माझें मत आरंभींच सांगून टाकतों. प्रत्येक राज्याचीं तीन कोठारें असतात. पहिलें पैशाचें, दुसरें माणसांचें आणि तिसरें विश्वासाचें. म्हणजे राज्यकर्ता सांगतो तें खरें आहे, आणि त्याच्या मागूनही राज्य नीट चालेल, या प्रजेच्या भरंवशाचें. युद्ध थोडक्यांत आटोपलें तर पहिल्या कोठारास धक्का बसतो, परंतु तें पुन्हा भरतां येतें. युद्ध लांबलें म्हणजे तिन्ही कोठारें रितीं होऊं लागतात. आणि विशेष हें कीं, बाहेर किल्ले जिंकले जात असतां व विजयाचे नगारे वाजत असतांच तीं आंतून रितीं होतात. म्हणून लांबलेल्या युद्धांत कोणाची सरशी झाली, याचा निवाडा नकाशा पाहून होत नाहीं. तो कोठारांत डोकावून करावा लागतो.

आतां आपल्या इतिहासाकडे वळूं. सन १६८१ च्या सप्टेंबर महिन्यांत औरंगजेब बादशहा अजमेराहून दक्षिणेकडे निघाला, तेव्हां त्याची साठी उलटून गेली होती. काबूलपासून बंगालपर्यंत त्याचा अंमल चालत होता. त्याचा बंडखोर पुत्र अकबर संभाजी महाराजांच्या आश्रयास आला होता. त्यास हस्तगत करावें, दक्षिणेंतील राज्यें बुडवावीं आणि दिल्लीस परत जावें, असा त्याचा मनसुबा होता. सन १६८६ त विजापूर पडलें, १६८७ त गोवळकोंडें पडलें. त्याच सालाच्या अखेरीस आपल्या वाईच्या परिसरांत मोंगल सरदार सर्जाखान याच्याशीं झालेल्या लढाईंत मराठ्यांचे सरसेनापति हंबीरराव मोहिते धारातीर्थीं पडले. सन १६८९ च्या मार्चांत संभाजी महाराजांचा क्रूरपणें वध झाला; त्याच वर्षीं रायगड पडला, आणि येसूबाई व बालक शाहू बादशहाच्या कैदेंत गेलीं. राजाराम महाराजांस दूर जिंजीचा आश्रय घ्यावा लागला. त्या दिवशीं कोणत्याही तिऱ्हाईतानें हिशेब मांडला असता, तर युद्ध संपलें व बादशहा जिंकला असेंच त्यानें लिहिलें असतें.

परंतु युद्ध आणखी अठरा वर्षें चाललें. याचें कारण असें कीं, राजधानी घेतली म्हणजे राज्य संपतें, हा बादशहाचा आडाखा येथें चुकला. मराठ्यांचें राज्य आतां एका सिंहासनाभोंवतीं राहिलें नव्हतें. तें प्रत्येक किल्ल्यांत, प्रत्येक खोऱ्यांत व प्रत्येक सरदाराच्या घोड्याच्या पाठीवर पसरलें होतें. रामचंद्रपंत अमात्यांनीं इकडील कारभार सांभाळला, संताजी घोरपडे व धनाजी जाधव यांनीं मोंगलांच्या फौजांस पळतां भुई थोडी केली; आणि सन १७०० त राजाराम महाराज सिंहगडावर निवर्तल्यानंतर ताराबाईंनीं राज्याचीं सूत्रें हातीं घेतलीं. ज्या शत्रूस एक मस्तक नाहीं, त्याचा शिरच्छेद तरी कसा करावा?

आतां पहिलें कोठार पाहूं. सन १६९९ च्या अखेरीस, वयाचीं ऐशीं वर्षें उलटल्यावर, बादशहा स्वतः किल्ले घेण्यास निघाला. त्या डिसेंबरांत साताऱ्याच्या किल्ल्यास वेढा पडला. प्रयागजी प्रभु हे किल्लेदार होते. महिन्यांमागून महिने सुरुंग खणण्यांत गेले. एप्रिल १७०० त सुरुंग उडविले, त्यांपैकीं एकाचा तट बाहेरच्या बाजूस कोसळून मोंगलांचेच सुमारें दोन हजार लोक त्याखालीं गाडले गेले. शेवटीं त्याच महिन्यांत किल्ला तहानें हातीं आला, आणि त्यास बादशहाच्या पुत्राच्या नांवावरून ‘आजमतारा’ असें नांव दिलें. पुढें परळी, मग पन्हाळा, वर्धनगड, नांदगिरी, चंदन, वंदन, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा, अशी एकामागून एक किल्ल्यांची माळ बादशहानें गुंफिली. यांपैकीं कित्येक किल्ले लढून नव्हे, तर किल्लेदारांस पैसा चारून मिळाले. बादशहाची पाठ वळतांच मराठे तेच किल्ले पुन्हा घेऊं लागले. खुद्द साताराही बादशहाच्या हयातींतच मराठ्यांच्या ताब्यांत परत आला. जो किल्ला घेण्यास महिने व खजिना लागतो, आणि जो थोड्या वर्षांत परत जातो, तो किल्ला जिंकला असें म्हणावें काय?

या स्वाऱ्यांचा खर्च भागविण्यास दक्षिणेचा वसूल पुरेना. येथील मुलूख तर उभय सैन्यांच्या टापांखालीं तुडवला जात होता. उत्तरेकडून येणारे खजिने व धान्य वाहणाऱ्या बंजाऱ्यांचे तांडे मराठे वाटेंतच गांठीत. अखेरच्या वर्षांत बंगालचा दिवाण मुर्शिद कुलीखान याजकडून येणारा वसूल हाच शाही छावणीचा मोठा आधार होऊन बसला. यांतील खरी मेख मनसबदारीच्या पद्धतींत होती. मनसबदारास जहागिरीचा वसूल मिळावा आणि त्यावर त्यानें ठराविक स्वार बाळगावे, अशी ती व्यवस्था. शत्रूचे सरदार फोडण्यासाठीं बादशहानें मनसबी वाटल्या. विजापूर-गोवळकोंड्याचे उमरावही पदरीं घ्यावे लागले. मनसबदार वाढले, परंतु वाटावयास जमीन उरेना. ज्यांस जहागीर मिळाली त्यांस ती कागदावरच मिळाली, कारण त्या मुलखांत मराठे चौथाई वसूल करीत होते. वसूल नाहीं म्हणून स्वार नाहींत, स्वार नाहींत म्हणून बंदोबस्त नाहीं, आणि बंदोबस्त नाहीं म्हणून वसूल नाहीं, असें हें चक्र फिरूं लागलें. शिपायांचे पगार वर्षांनुवर्षें थकले. आज हातीं असलेली जहागीर उद्यां राहील कीं नाहीं याची शाश्वति नसल्यामुळें जहागीरदार रयतेस पिळूं लागला, आणि पिळलेली रयत शेत टाकून पळाली किंवा मराठ्यांस मिळाली.

रशियाच्या पैशाच्या कोठाराकडे पाहिलें तर साधनें वेगळीं दिसतील. पण चाल ओळखीची वाटेल. युद्ध सुरू होतांच पाश्चात्त्य राष्ट्रांनीं रशियाच्या मध्यवर्ती बँकेची परदेशांत ठेवलेली सुमारें ३०० अब्ज डॉलरांची गंगाजळी गोठविली. तरीही सन २०२३ व २०२४ त तेथील उत्पन्न वाढलेलेंच दिसलें. आणि निर्बंध व्यर्थ ठरले असें कित्येकांनीं म्हटलें. ही वाढ कशाची होती हें मुलांनीं नीट समजून घ्यावें. सरकारनें तोफा, गोळे व रणगाडे यांच्या कारखान्यांत पैसा ओतला. कारखाने रात्रंदिवस चालले, मजुरी वाढली, आणि कागदावर उत्पन्न फुगलें. परंतु नांगर केला तर तो पुढील वर्षीं धान्य देतो. गोळा केला तर तो एका क्षणांत फुटतो व मागें कांहीं ठेवीत नाहीं. लोकांच्या हातीं पैसा येतो, पण त्या पैशानें घेण्याजोग्या वस्तु वाढत नाहींत. म्हणून महागाई होते. ती आंवरण्यासाठीं तेथील मध्यवर्ती बँकेनें ऑक्टोबर २०२४ त व्याजाचा दर २१ टक्क्यांवर नेला. एवढ्या व्याजानें कर्ज काढून कोणता साधा कारखानदार नवें यंत्र घेईल? सन २०२५ च्या अंदाजपत्रकांत सरकारी खर्चाचा सुमारें एकतृतीयांश भाग एकट्या संरक्षणासाठीं ठेविला होता. आणि जानेवारी २०२६ पासून वस्तूंवरील मूल्यवर्धित कर २० टक्क्यांवरून २२ टक्के करण्यांत आला. म्हणजे प्रथम साठविलेला पैसा खर्च झाला, आणि मग हात सामान्य माणसाच्या पिशवीकडे वळला. जुन्या जहागीरदाराचा हातही असाच रयतेकडे वळला होता.

दुसरें कोठार माणसांचें. मनुची नांवाचा व्हेनिसचा एक प्रवासी त्या काळीं हिंदुस्थानांत राहत होता. दक्षिणेच्या या युद्धांत दर वर्षीं सुमारें एक लक्ष माणसें व तीन लक्ष जनावरें मरत, असा त्याचा अंदाज त्यानें लिहून ठेविला आहे. पुढें सन १७०२ ते १७०४ या काळांत अवर्षण व महामारी यांनीं दक्षिणेंत वीस लक्षांवर माणसें दगावलीं, असेंही तो सांगतो. हे आंकडे मोजून घेतलेले नव्हेत, एका प्रवाशाचे अंदाज आहेत, हें ध्यानांत ठेवावें. तथापि त्यांवरून संहाराची कल्पना येते. शत्रूच्या तलवारीपेक्षां भूक, ताप व पाणी यांनींच अधिक माणसें नेलीं. सन १७०० च्या ऑक्टोबरांत माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें बादशहाची छावणी असतां रात्रीं अकस्मात् पूर आला. पुष्कळ माणसें व जनावरें वाहून गेलीं, आणि त्या गोंधळांत खुद्द बादशहाचा गुडघा दुखावून तो जन्माचा लंगडा झाला. भीमसेन सक्सेना नांवाचा एक कायस्थ लेखक दलपतराव बुंदेल्याच्या पदरीं राहून हें सर्व पाहत होता. त्यानें आपल्या फारसी आठवणींत मनसबदारांची दैना व रयतेचे हाल यांविषयीं लिहून ठेविलें आहे. बादशहाच्याच सैन्यांतील माणसाची ही साक्ष असल्यामुळें तिचें मोल अधिक.

माणसांचें कोठार पैशाप्रमाणें लवकर भरत नाहीं. आज बालक जन्मलें, तर तें नांगर किंवा लेखणी हातीं धरण्यास वीस वर्षें जावीं लागतात. आणि जो तरुण रणांत पडला, त्याच्या न जन्मलेल्या मुलांची तर मोजदादही होत नाहीं. रशियास हें पूर्वीं भोगावें लागलें आहे. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएट संघाचीं अडीच कोटींहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. ज्या वर्षीं तरुण मेले त्या वर्षीं मुलें थोडीं जन्मलीं. तीं थोडीं मुलें मोठीं झाल्यावर त्यांचीं मुलेंही थोडींच झालीं. आणि त्या खड्ड्याची लाट पिढ्यान् पिढ्या पुढें सरकत राहिली. पुढें सन १९९१ नंतरच्या विपन्नावस्थेंत जन्म आणखी घटले. नेमकी तीच तुटपुंजी पिढी मुलें होण्याच्या वयांत असतांना हें नवें युद्ध आलें. सप्टेंबर २०२२ त तीन लक्ष माणसांची सक्तीची भरती जाहीर झाली, तेव्हां लक्षावधि तरुण कझाकस्तान, जॉर्जिया वगैरे शेजारच्या देशांत निघून गेले. सन २०२४ त त्या अफाट देशांत सुमारें सव्वाबारा लक्ष मुलें जन्मलीं. सन १९९९ नंतर इतकी कमी संख्या कोणत्याही वर्षीं नव्हती. युद्ध हें एकच याचें कारण नव्हे. परंतु घरचा कर्ता रणांत असतां किंवा देशाबाहेर पळाला असतां पाळणा कसा हलावा?

तिसरें कोठार विश्वासाचें. तें डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून तें रितें झाल्याचें सर्वांत उशिरां कळतें. बादशहा पंचवीस वर्षांहून अधिक काळ दक्षिणेंत अडकून पडल्यामुळें उत्तरेस राजा असून नसल्यासारखा झाला. सन १६८८ त राजाराम जाटानें आग्र्याजवळ सिकंदऱ्यास अकबर बादशहाची कबर लुटली; मारवाडचे राठोड लढतच राहिले. बापाचा मुलांवर व मुलांचा बापावर विश्वास उरला नाहीं. शहा आलम या वडील पुत्रास गोवळकोंड्याशीं संधान बांधल्याच्या संशयावरून बादशहानें कित्येक वर्षें कैदेंत ठेविलें. तथापि बादशहा जिवंत होता तोंवर बाहेरून सर्व कांहीं स्थिर दिसत होतें. मार्च १७०७ त तो अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, वारला. आणि चार महिन्यांच्या आंतच जाजऊ येथें त्याचे पुत्र एकमेकांवर तुटून पडले. पुढील बारा वर्षांत तख्ताची इतकी ओढाताण झाली कीं, एकट्या १७१९ सालीं एका बादशहास पदच्युत करून त्याच्या जागीं लागोपाठ तीन बसविले गेले. सन १७३९ त नादिरशहानें दिल्ली लुटली, तेव्हां त्यास अडविणारें बळ त्या राज्यांत उरलें नव्हतें. मोंगलांचें राज्य युद्ध चालू असतां पडलें नाहीं. युद्धानें पोखरलें गेलें, आणि युद्धानंतर कोसळलें.

रशियाच्या स्वतःच्या इतिहासांतही हाच धडा आहे. पहिल्या महायुद्धांत सन १९१५ त झार निकोलस यानें सेनापतित्व स्वतःकडे घेतलें आणि तो राजधानी सोडून रणभूमीकडे गेला. जणूं औरंगजेबाचीच छावणी त्यानें पुन्हा उभारली. देशांत धान्य नव्हतें असें नाहीं. परंतु आगगाड्या सैन्याच्या वाहतुकींत गुंतल्या होत्या. आणि पैसे घेऊन बाजारांत कांहींच विकत मिळत नाहीं असें पाहून शेतकरी धान्य विकेना. सन १९१७ त पेट्रोग्राड शहरांत पावासाठीं रांगा लावून उभ्या राहिलेल्या बायका व कारखान्यांतील मजूर रस्त्यावर उतरले, शिपायांनीं त्यांच्यावर बंदुका चालविण्याचें नाकारलें, आणि शतकानुशतकें चाललेली झारशाही आठवडाभरांत संपली. पुढें अफगाणिस्तानांतील युद्ध सन १९७९ ते १९८९ असें दहा वर्षें चाललें, आणि तें संपल्यावर तीन वर्षांच्या आंत सोव्हिएट संघच विसर्जित झाला. त्यास इतरही पुष्कळ कारणें होतीं. पण त्या युद्धानें राज्यकर्त्यांच्या शब्दावरील भरंवसा घालविला, हें त्यांपैकीं एक. चालू शतकांतील युद्धांत तर मार्च २०२२ मध्येंच लष्कराविषयीं ‘खोटी’ बातमी देणारास पंधरा वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरविणारा कायदा झाला. जून २०२३ त भाडोत्री सैन्याचा नायक प्रिगोझिन आपलें सैन्य घेऊन मॉस्कोच्या वाटेस लागला, तेव्हां वाटेंत त्यास फारसा कोणी अडविलाही नाहीं. तें बंड एका दिवसांत मिटलें, आणि दोन महिन्यांनीं तो विमान कोसळून मेला. वरवर पुन्हा शांतता झाली. परंतु प्रजा गप्प आहे आणि प्रजा संतुष्ट आहे, हीं दोन वाक्यें एकाच अर्थाचीं नव्हेत.

येथें कोणी म्हणेल कीं, तुलना ओढूनताणून केली आहे. मोंगलांच्या काळीं मध्यवर्ती बँका नव्हत्या, कारखाने नव्हते; रशियाजवळ विकावयास तेल आहे, आणि तें घेणारीं राष्ट्रें आहेत; त्यांत आपला देशही आहे. आक्षेप खरा आहे. म्हणूनच अमुक वर्षीं रशिया खचेल असें भविष्य सांगण्याच्या भरीस मी पडत नाहीं. धनाढ्य राज्य फार काळ तग धरूं शकतें. औरंगजेबानेंही पाव शतक धरला. माझें म्हणणें इतकेंच कीं, तग धरणें म्हणजे न झिजणें नव्हे.

दुसरा आक्षेप आपल्या अभिमानाचा आहे, आणि तो अधिक जिव्हाळ्याचा आहे. ‘युद्ध लांबलें म्हणूनच तर स्वराज्य टिकलें, मग दीर्घ युद्धास वाईट कां म्हणावें?’ याचें उत्तर असें कीं, ज्याच्या घरावर कोणी चालून आला, त्यास लढण्यावांचून गत्यंतर नसतें. त्यानें दाखविलेल्या धैर्यास वंदनच केलें पाहिजे. परंतु त्याच्याही घराची राखरांगोळी होते, हें विसरूं नये. वाईच्या खोऱ्यांतील कुणब्यानें आज मोंगलांस वैरण द्यावी व उद्यां मराठ्यांस चौथाई द्यावी, असे दिवस होते. सरदार टिकवून धरण्यासाठीं राजाराम महाराजांस वतनें व सरंजाम मोकळ्या हातानें द्यावे लागले. शिवछत्रपतींनीं घातलेली शिस्त त्यामुळें सैल झाली, आणि प्रत्येक सरदार आपापल्या मुलखाचा धनी होऊं लागला. ज्या रामचंद्रपंतांनीं तें युद्ध चालविलें, त्यांनींच पुढें ‘आज्ञापत्रां’त वतनदार हे राज्याचे वाटेकरी असतात, असा इशारा लिहून ठेविला. सन १७०७ त शाहू महाराज सुटून आले, तेव्हां आनंदोत्सव व्हावयाचा तो खेडच्या रणांगणावर भाऊबंदकी उभी राहिली. जानेवारी १७०८ त साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. पण सातारा व कोल्हापूर या दोन गाद्यांचा तंटा मिटण्यास सन १७३१ चा वारणेचा तह उजाडावा लागला. जिंकणारासही दीर्घ युद्ध फुकट सोडीत नाहीं, याचें यापेक्षां जवळचें उदाहरण आपणांस कोठें मिळणार?

तेव्हां दोष लढणारास नव्हे. जो युद्ध थांबवूं शकत होता आणि थांबला नाहीं, त्यास आहे. औरंगजेबास अशी संधि एकदां नव्हे, अनेकदां आली. विजापूर व गोवळकोंडें घेतल्यावर तो परतूं शकत होता. सन १७०० त राजाराम महाराजांच्या मृत्यूनंतर तहाचें बोलणें निघालें, सन १७०३ त शाहू महाराजांस पुढें करून पुन्हा निघालें. दोन्ही वेळां तें फिसकटलें. आणखी एक किल्ला घेतला म्हणजे झालें, हा मोह प्रत्येक वेळीं आडवा आला. इतकें रक्त व इतका पैसा ओतल्यावर आतां मागें कसें फिरावें, असा विचार मनांत घर करतो. आणि जितकें नुकसान अधिक, तितकें थांबणें अधिक अवघड होतें. जुगारी मनुष्याची जी गति, तीच लांबलेलें युद्ध चालविणाऱ्या राज्यकर्त्याची. त्याच्याभोंवतींचे लोक त्यास खरें सांगण्यास भितात, म्हणून तर ती गति अधिकच अटळ होते.

विद्यार्थी मित्रहो, यापुढें युद्धाची बातमी वाचाल, तेव्हां अमुक गांव कोणी घेतलें एवढेंच पाहून वर्तमानपत्र मिटूं नका. तेथें पावाचा भाव काय झाला, व्याजाचा दर किती झाला, शाळांत किती मुलें दाखल झालीं, आणि राज्यकर्त्याची चूक उघडपणें सांगणारा मनुष्य घरीं सुखानें झोपूं शकतो कीं नाहीं, हेंही शोधून पाहा. नकाशावरील रंग झपाट्यानें बदलतात; हीं उत्तरें मात्र राष्ट्राची खरी प्रकृति दाखवितात. आणि पालकांस एवढीच विनंति कीं, इतिहास शिकवितांना आपल्या पूर्वजांच्या शौर्याबरोबर त्यांच्या घरोघरीं पडलेली तूटही मुलांस सांगावी. जें राष्ट्र आपल्या विजयांचा हिशेब ठेवतें आणि आपल्या किंमतीचा ठेवीत नाहीं, तें पुढील युद्धाच्या वेळीं पुन्हा रित्या कोठाराच्या किल्ल्या कमरेस लावून मिरवीत बसतें.